डॉक्टर मुनीर अहमद आणि आमच्या बारवेचं पाणी

सोनाबाई मंगळवारी सकाळी वारली. निरोप आदल्या दिवशीच परतूरला गेला होता. डॉक्टर मुनीर अहमद दहाच्या सुमारास गावात पोचले. त्यांनी बारवेत औषध टाकलं, बारवेवर दोन माणसं बसवली आणि मग ते गावकुसाबाहेरच्या वस्तीत गेले. तोवर सोनाबाईचा सासराही गेला होता. डॉक्टरांनी तिच्या जावेला, गिरजेला, एक प्रश्न विचारला. गिरजेने उत्तर दिलं. मग डॉक्टरांनी मला एक प्रश्न विचारला. मीही उत्तर दिलं.

त्या दिवसाच्या आधीचे डॉक्टर आणि नंतरचे डॉक्टर अशी दोन माणसं मला आठवतात. आधीच्या माणसाबद्दल लिहिणं सोपं जातं, म्हणून तिथून सुरुवात करतो.

आमचं गाव परतूरपासून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. तेव्हा निजामाचं राज्य होतं. मी गावच्या सरकारी शाळेत मास्तर होतो. मला उर्दू लिहिता-वाचता येत असल्यामुळे गावात कुणी अंमलदार आला की पाटील मला बोलावून घेत. डॉक्टर मुनीर हे साथीचे डॉक्टर. दवाखान्यात बसून नाडी पाहणं हे त्यांचं काम नव्हतं. प्लेग, देवी, पटकी म्हणजे कॉलरा, साथ जिथे जिथे जाईल तिथे तिच्या मागे जायचं, ती आली कुठून हे शोधायचं आणि पुढची वाट बंद करायची, हे त्यांचं काम.

माणूस हडकुळा, उंच, चाळिशीतला. शेरवानीची वरची गुंडी नेहमी तुटलेली. ते सायकलवर येत. पावसाळ्यात काळ्या मातीत चाकं फिरेनाशी झाली की सायकल खांद्यावर घेऊन चालत येत. चावडीवर बसलेली मंडळी लांबूनच ओरडत, "आली रे, सायकल सायबावर बसून आली!" डॉक्टरही हसत आणि सायकल उतरवून म्हणत, "क्या करू, थक गई थी बेचारी."

त्यांच्या खिशात मलमलीची एक घडी असे. कुठेही पाणी प्यायचं झालं तर ती पेल्यावर धरून, गाळून मगच प्यायचे. पहिल्यांदा पाटलांच्या ओसरीवर त्यांनी ती घडी काढली तेव्हा पाटलांचा चेहरा उतरला. चांदीचा पेला होता.

"डॉक्टरसाहेब, आमच्या घरचं पाणी घाण वाटलं का?"

"पाटीलसाब, घर आपका है. पानी तो बारव का है."

आमच्या भागात तेव्हा नारू फार. पायाच्या पोटरीवर फोड यायचा, फुटायचा आणि त्यातून सुतासारखा पांढरा किडा डोकं काढायचा. तो ओढून काढता येत नाही. तुटला की पाय सुजतो, सडतो. काडीला गुंडाळत रोज बोट-अर्धं बोट काढायचा. ऐन पेरणीच्या तोंडाशी निम्मं गाव घरात पाय पसरून बसलेलं असे. शाळेतली बाकं रिकामी पडत. लोक त्याला प्राक्तन म्हणत, कुणी देवीचा कोप म्हणत. मी पुस्तकं वाचणारा माणूस, पण मीही त्याकडे ऋतूसारखंच पाहत होतो. उन्हाळा आला, नारू आला.

डॉक्टरांनी पहिल्याच फेरीत मला सांगितलं, "मास्टरसाब, बीमार बाद में दिखाव. पहले पानी दिखाव."

मी त्यांना बारव दाखवली. जुनी, चिरेबंदी, पश्चिमेकडून खाली पाण्यापर्यंत पायऱ्या. बायका घागर घेऊन उतरत, घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहत, घागर बुडवून वर येत. डॉक्टरांनी बूट काढून वर ठेवले आणि वरच्या पायरीवर बसून राहिले. सकाळभर बसले. कोण उतरतं, कुणाच्या पायाला चिंधी बांधली आहे, हे पाहत. मग घरोघर फिरायला लागले. त्यांचा प्रश्न सगळीकडे एकच. आज काय होतंय हे ते विचारतच नसत. "गेल्या साली, याच महिन्यात, तुम्ही पाणी कुठलं पिलं?"

गावाला याची फार गंमत वाटली. दगडू सुतार काडीला नारू गुंडाळत बसला होता, तो म्हणाला, "मास्तर, काल सांच्याला काय खाल्लं ते मला याद न्हाई, अन् ह्यो सायब गेल्या सालचं पानी इचारून राह्यला."

डॉक्टरांनी त्याच्या शेजारी उकिडवं बसून समजावलं. पायात नारू असलेला माणूस पाण्यात उभा राहतो. नारू पाण्यात पिल्लं सोडतो. पाण्यातले बारीक किडे ती पिल्लं खातात. आपण ते किडे पाण्याबरोबर पितो. आणि बरोबर एका वर्षाने नारू आपल्या पायातून बाहेर येतो. "दगडूभाई, यह जो निकल रहा है ना, यह गेल्या साल का पानी है."

"म्हंजी पानी पेलो गेल्या साली अन् शिक्षा औंदा?"

"बराबर."

"सरकारी कचेरीवानीच हाय की मंग हे," दगडू म्हणाला. त्यावर डॉक्टर इतके हसले की त्यांना खोकला लागला.

कोंडाबाई नावाची म्हातारी काही केल्या ऐकेना. डॉक्टरांनी काचेच्या पेल्यात बारवेचं पाणी घेतलं, उन्हात धरलं आणि तिच्या हाती भिंग दिलं. पाण्यात टिंबाएवढे किडे उड्या मारत होते. कोंडाबाईने बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "अगं बाई, हे तर आमच्या सुनंवानी करून राह्यलं. घडीभर येका जागी ठरंना." त्या दिवसापासून ती लुगड्याच्या पदरातून पाणी गाळायला लागली आणि जो भेटेल त्याला सांगायला लागली. डॉक्टर म्हणायचे, माझ्या खात्यात सगळ्यात कामाची माणूस कोंडाबाई.

त्यांनी गावाचा नकाशा काढला. प्रत्येक घर म्हणजे एक चौकोन. घरात जितक्यांना नारू, तितके ठिपके. नंतर प्रत्येक चौकोनाखाली पाणी कुठलं ते लिहायचं. मी बरोबर असे. ते विचारत, मी लिहीत असे. गाव संपल्यावर आम्ही वस्तीत गेलो. तिथेही ठिपके दाट होते. रामाच्या दारात त्याची बायको सोनाबाई ज्वारी निवडत बसली होती. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कुठलं?"

"बारवंचं, सायब."

मी लिहिलं: बारव. सगळ्या वस्तीने तेच सांगितलं, मी तेच लिहिलं. ते खोटं नव्हतं.

पण त्या वेळी मी एक गोष्ट सांगितली नाही. लपवायची होती म्हणून नव्हे. ती सांगण्यासारखी आहे असं मला वाटलंच नाही. वस्तीच्या बायका बारवेत उतरत नसत. त्यांना उतरू देत नसत. त्या वरच्या पायरीपासून दहा हातांवर निंबाखाली रिकाम्या घागरी मांडून बसत. पाणी घेऊन वर येणाऱ्या गावातल्या बायकांची वाट तिथूनच जायची. जिच्या मनात येई ती थांबे आणि आपली घागर वरून त्यांच्या घागरीत ओते. मग पुन्हा खाली उतरून आपली भरून आणी. दहा जणींत एक-दोन थांबत. तेवढ्यावर वस्ती पाणी प्यायची. माझी आई सोवळ्यात पाणी भरी, ती कधी थांबली नाही. मी लहानपणापासून हे पाहत होतो आणि म्हणूनच मला ते दिसत नव्हतं. हैदराबाद शहरात वाढलेल्या डॉक्टरांना ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. आणि वस्तीने सांगितलं नाही, कारण मास्तर बरोबर उभे होते आणि मास्तरांना सगळं माहीत होतं.

नकाशा पुरा झाला. डॉक्टरांनी तो पाटलांसमोर पसरला आणि पायऱ्या बंद करायला सांगितलं. पायऱ्यांच्या तोंडाशी भिंत घालायची, पूर्वेच्या बाजूने ओटा बांधायचा, त्यावर रहाट, दोर आणि पोहरा. कुणाचा पाय पाण्याला लागायचा नाही. पाटलांनी चार महिने काढले. गावात कुजबुज झाली की तुर्काला आपली बारव बाटवायची आहे. त्या दिवसांत अशी हवा होतीच. डॉक्टरांनी एकदाही आवाज चढवला नाही. दर आठवड्याला येत, पाटलांच्या ओसरीवर बसत, पाणी गाळून पीत आणि जात. शेवटी पाटलांच्या थोरल्या लेकाच्या पायातून एकदम तीन नारू निघाले. तेव्हा पौषात भिंत उभी राहिली.

रहाटाची पूजा झाली. नारळ फुटला. बायकांनी ओट्यावर गर्दी केली. दोर एक आणि घागरी पन्नास, त्यामुळे पहिल्या दिवसापासूनच घाई आणि भांडणं. ओटा पूर्वेला होता, निंब पश्चिमेला. सोनाबाई निंबाखाली घागर घेऊन बसली होती. तिच्या बाजूने आता कुणाचीच वाट जात नव्हती. मी तिला पाहिलं. मला वाटलं, ओततील कुणीतरी. मग मी शाळेत गेलो.

पुढच्या उन्हाळ्यात नारू निघालेच. लोक म्हणाले, पायऱ्या गेल्या आणि नारू राह्यलाच. डॉक्टर म्हणाले, हे मागच्या वर्षाचं पाणी आहे, आणखी एक साल थांबा. त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते चैत्रातच आले आणि घरोघर जाऊन माणसांना पाय दाखवायला लावले. दुपार झाली तरी एकही नारू सापडला नाही. वस्तीतही सापडला नाही. नकाशा त्यांच्या हातात होता आणि त्यावर एकही नवा ठिपका नव्हता. शाळेच्या पायरीवर बसून त्यांनी तो मला दाखवला. परतूरहून आणलेल्या पेढ्यांचा पुडा त्यांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मास्टरसाब, पोरांना वाटा. मेरे से नहीं होगा, मैं रो दूंगा."

पुरा झालेल्या नकाशाला पुन्हा प्रश्न कोण विचारतो? वस्तीच्या पायांत नारू नव्हता, कारण वस्ती आता बारवेचं पाणी पीतच नव्हती. त्या बायकांनी ओढ्याच्या वाळूत झिरा उकरला होता. दोन उन्हाळे त्या तिथून पाणी भरत होत्या.

वैशाखात जत्रेहून परतणाऱ्या गाड्या ओढ्याकाठी उतरल्या. त्यांत पटकीची आजारी माणसं होती. गाड्या दुसऱ्या दिवशी पुढे गेल्या. आठवड्याच्या आत सोनाबाईला वांत्या सुरू झाल्या.

मंगळवारी डॉक्टर आले ते नकाशा मनात धरूनच आले. वस्तीचं पाणी बारवेचं, म्हणून आधी बारवेकडे गेले. लाल औषध टाकलं, पाणी रंगेपर्यंत ढवळलं, पहारा बसवला. यात दीड-दोन तास गेले. मी तिथेच त्यांच्या शेजारी उभा होतो. तेवढ्या वेळात वस्तीतली माणसं झिऱ्यावरून पाणी आणून आजाऱ्यांना पाजत होती.

वस्तीत शिरल्यावर त्यांना गिरजेच्या घागरीतलं पाणी दिसलं. ते लाल नव्हतं. ते थांबले. त्यांनी तोच जुना प्रश्न विचारला, "बाई, गेल्या साली या महिन्यात पाणी कुठलं?"

"वढ्याचं, सायब."

"और उसके पहले?"

"पायऱ्या होत्या तवर बारवंचं. भिंत घातली, मंग वाढनारं कोन ऱ्हायलं? वट्यावर आमाला चढू देत न्हाईत."

डॉक्टरांना "वाढणारं" कळलं नाही. गिरजेने रिकामी घागर उचलून ओतल्यासारखं करून दाखवलं. ते तिच्या हातांकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"मास्टरसाब, आपको मालूम था?"

"होय," मी म्हणालो.

त्यांनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. झिऱ्याकडे धावले. तोवर उशीर झाला होता. त्या आठवड्यात वस्तीतली नऊ माणसं गेली. त्यांत रामाची दोन्ही लेकरं होती.

नारू हटवल्याचा अहवाल त्यांना त्याच महिन्यात लिहायचा होता. वरच्या साहेबांना तो दाखवून इतर तालुक्यांतही तेच करायचं होतं. डॉक्टरांनी अहवाल लिहिला आणि शेवटी लिहिलं की याच उपायामुळे वस्तीचं पाणी बंद झालं, त्यामुळे नऊ माणसं दगावली, आणि ही चूक तपास करणाऱ्याची आहे. खाली नऊ नावं लिहिली. वरून कागद परत आला. पटकीची नोंद वेगळी करा, या अहवालातून ती काढा. त्यांनी तो तसाच परत पाठवला. असं तीनदा झालं. मी एकदा म्हणालो, "साहेब, वेगळं लिहिलं तरी खरंच राहील ना?"

"नहीं, मास्टरसाब. एकच कागद पाहिजे. नहीं तो लोग आधा पढेंगे."

त्यांनी मला त्या कागदाचं मराठी करायला लावलं आणि वस्तीत नेऊन रामासमोर वाचायला लावलं. मी वाचत होतो, ते मान खाली घालून उभे होते. रामा भिंतीला टेकून बसला होता. वाचून झाल्यावर त्याने डॉक्टरांकडे पाहिलं. मग म्हणाला, "झालं वाचून? आता येक सांगा, सायब. उद्याचं पानी कुटून आनू?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच डॉक्टर ओट्यावर होते. शेरवानी काढून कठड्यावर ठेवलेली, बाह्या वर केलेल्या. दोर त्यांनी हाती घेतला तेव्हा बायका मागे सरल्या, पण सरकारी माणसाला अडवणार कोण? त्यांनी पोहरा ओढला, पाणी मोठ्या हंड्यात घेतलं, हंडा उचलून बारवेला वळसा घालून निंबापर्यंत गेले आणि गिरजेच्या घागरीत ओतलं. असं सगळ्या वस्तीचं. रजा टाकून ते गावात राहिले ते मृगापर्यंत. त्यांना दोर ओढायची सवय नव्हती. पहिल्या दिवशी तळहात सोलून निघाले. खिशातली दस्ती हाताला गुंडाळून ओढत राहिले.

दगडू सुतार म्हणाला, "सायब, येवढं शिकून शेवटी पानक्याच झालात की."

"हां दगडूभाई. देर से समझा."

पण पूर्वीसारखं हसले नाहीत. त्या उन्हाळ्यात मी त्यांना हसताना पाहिलं नाही. कोंडाबाईने मात्र तिसऱ्या दिवशी आपली घागर निंबाखाली नेऊन ओतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बघता काय भवान्यांनो? सरकारी मानूस वततोय अन् तुमाला कमरा न्हाईत व्हय?"

त्यांनी गायरानात वस्तीसाठी आडाची जागा मंजूर करून घेतली. वस्तीतल्या माणसांनीच खणायला घेतलं. बारा हातांवर काळा खडक लागला. पहार टेकली की नुसता आवाज यायचा. डॉक्टर रोज सकाळी ओतून झालं की आडाच्या काठावर जाऊन बसत. एके दिवशी त्यांना ताप होता. त्यांनी चिठ्ठी पाठवली: आज आपण जाल का? मी गेलो. दोराला हात लावला. ओतून घरी आलो तर आईने मला अंगणातच थांबवून डोक्यावरून पाणी घातलं आणि मग ती रडत बसली. मीही अंगणातच उभा राहिलो.

बदलीचा हुकूम आषाढाच्या तोंडाशी आला. लांबचा तालुका, तेलंगणातला. तो त्या अहवालामुळे आला असं परतूरला सगळे म्हणत. डॉक्टर त्याबद्दल काही बोलले नाहीत. मी त्यांना स्टेशनवर पोचवायला गेलो. सामान फार नव्हतं. सायकल त्यांनी रामाला दिली होती. गाडी आली, ते आत जाऊन खिडकीशी बसले. मला बोलायचं होतं. तो "होय" मला दोन महिने आतून खात होता. गाडी हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला. तळव्यावर दोराचे घट्टे पडले होते.

"मास्टरसाब," ते म्हणाले, "शुक्रवार को गिरजाबाई के यहाँ मेहमान आनेवाले हैं. दो घागर ज्यादा डालना."

त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. दोन वर्षांनी त्यांच्या भावाचं पत्र आलं. पटकीच्या साथीत काम करताना त्यांनाच पटकी झाली आणि ते गेले. पत्रात लिहिलं होतं की शेवटच्या दिवशी ते एका मास्तरांचं नाव घेत होते, ते आपणच का, एवढं कळवावं. मी कळवलं.

आडाला पंधरा हातांवर पाणी लागलं, पण थोडं. श्रावणापासून माघापर्यंत पुरतं. फाल्गुनात तळ दिसतो. मग मी सकाळी शाळेच्या आधी ओट्यावर जातो. आई आता नाही. कोंडाबाईही नाही. अधूनमधून कुणी बाई हंडा घेऊन मदतीला येते, पण बहुतेक सकाळी मी एकटाच असतो.

गेल्या फाल्गुनात गिरजा म्हणाली, "मास्तर, सायबाला आमी कधी म्हनलो न्हाई. परका मानूस, त्याच्या जिवाला आधीच लागल्यालं. तुमाला म्हनते. तुमी वततासा, चांगलं हाय. पन दोर का देत न्हाई आमच्या हाती? आमाला काय वढता येत न्हाई?"

मी पाटलांकडे गेलो. आता त्यांचा थोरला लेक पाटीलकी पाहतो. त्याच्या पोटरीवर तीन नारूंचे व्रण अजून आहेत. त्याने माझं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण मास्तर, तुम्ही ओतून राह्यले ना? मंग बराबर चाललंय की."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा ओट्यावर गेलो.

गावात नारू नाही. वस्तीत पटकी पुन्हा आलेली नाही. फाल्गुन ते आषाढ मी पाणी ओततो. दोर अजून गिरजेच्या हाती गेलेला नाही.